उसनी झळाळी

घरात काही रंगवायला काढलं की माझा हात आधी मेटॅलिक ॲक्रिलिकच्या बाटल्यांकडे जातो. सोनेरी, चंदेरी, तांब्याचा आणि जुन्या पितळेसारखा एक मंद रंग. गणपतीचं मखर, दिवाळीतल्या पणत्यांच्या ताटल्या, लाकडी चौरंग, तसबिरींच्या चौकटी, गॅलरीतल्या कुंड्या, असं बरंच काही या चार बाटल्यांतून गेलं आहे. दुकानातून आणलं, झाकण उघडलं, लावलं, इतका हा साधा प्रकार असावा असं वाटायचं. हळूहळू लक्षात येत गेलं, की या रंगाची चमक त्याची एकट्याची कधीच नसते. ती कुठून कुठून गोळा होऊन येते. ते जसं उमगलं तसं इथे मांडते आहे.

१. सोनेरी बाटलीत सोनं नसतं हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पण बहुतेक वेळा तिच्यात कुठलाच धातू नसतो, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. काही चंदेरी रंगांत ॲल्युमिनियमचे कण असतात हे खरं, पण हस्तकलेच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा सोनेरी आणि तांबूस रंगांत असतो तो अभ्रक. तोच, जो डोंगरात दगडाला चिकटलेला चमकतो आणि ज्याचं आयुर्वेदात भस्म करतात. अभ्रकाचे अगदी बारीक, चपटे पापुद्रे घ्यायचे आणि त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवायचा. या थराच्या वरच्या पृष्ठावरून थोडा प्रकाश परततो, खालच्या पृष्ठावरून थोडा. परतणारे हे दोन प्रकाश एकमेकांत मिसळताना काही रंग उजळतात आणि काही पुसले जातात. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात ते याच कारणाने. थराची जाडी किंचित बदलली की रुपेरीचा सोनेरी होतो, सोनेरीचा तांबूस. लोहाचा ऑक्साइड असेल तर त्याचा स्वतःचा गंजासारखा उबदार रंगही त्यात मिसळतो.

हे रंगकण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात रुळले. त्याआधी सोनेरी म्हणजे तांबं आणि जस्त यांच्या मिश्रधातूची पूड. ती तेलात किंवा वार्निशात कालवून लावत. जुन्या घरांतल्या तसबिरींच्या चौकटी पाहा, सोनेरी वेलबुट्टी काळवंडलेली असते आणि कोपऱ्यांत हिरवट झाक असते. ते तांबं हवेशी आणि दमटपणाशी बोलत राहिलं, त्याची ती खूण. अभ्रकाचा सोनेरी रंग असा काळवंडत नाही. टिकाऊपणात तो पुढचा, यात शंका नाही. तरीही त्या काळवंडलेल्या चौकटींसमोर उभी राहिले की मला त्यांच्याविषयी जास्त आदर वाटतो, आणि त्या कधीही नव्याने रंगवू नयेत या मताची मी आहे.

२. सोनेरी रंग कसा दिसेल हे त्याच्याखाली काय आहे यावर ठरतं. अभ्रकाचे पापुद्रे अर्धपारदर्शक असतात. त्यांच्यातून आरपार जाणारा प्रकाश खालच्या रंगाला जाऊन भिडतो. खाली पांढरं असेल तर तो प्रकाश तसाच परत येतो आणि सोनेरीपणा फिका, पाणचट होऊन जातो. खाली गडद रंग असेल तर आलेला प्रकाश तो गिळून टाकतो, आणि वर उरते ती फक्त पापुद्र्यांची झळाळी. तोच रंग, तीच बाटली. काळ्या अस्तरावर सोनं थंड आणि करारी दिसतं, तांबूस अस्तरावर ऊबदार, जुनं आणि घरातलं.

तांबूस अस्तराचं शहाणपण फार जुनं आहे. युरोपातल्या सोनं चढवण्याच्या पद्धतीत लाकडावर आधी खडूसारखा पांढरा थर देत, त्यावर तांबूस चिकणमाती लावत आणि मग सोन्याचं पान बसवून ते गुळगुळीत दगडाने घोटत. या मातीमुळे पान घोटता येई आणि सोन्यालाही ऊब येई. सोन्याने मढवलेल्या लाकडी वेदी बघायला आपल्याला फार लांब जायला नको, जुन्या गोव्यातल्या चर्चांत त्या आहेत. से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीसमोर पुष्कळ वेळ उभं राहावं असं मी आवर्जून सांगेन. जवळ जाऊन नाही, मागच्या बाकांवरून बघा.

आपल्याकडे गेरू आहेच. तुळशीवृंदावनाला आणि कुंड्यांना गेरू लावून त्यावर सोनेरी वेल काढली, की जे दिसतं त्याला तोड नाही. मात्र पाण्यात कालवलेला नुसता गेरू हाताला लागतो, आणि जो थर स्वतःच सुटा आहे त्यावर दुसरा थर टिकत नाही. म्हणून मी गेरूच्या रंगाचं ॲक्रिलिक अस्तर देते, ते पक्कं वाळू देते आणि मगच सोनेरी बाटली उघडते. घाईच्या दिवशी अस्तर गाळावंसं वाटतं. पण माझ्या मते निम्मं काम त्या अस्तराचंच असतं, आणि ते कुणाला दिसत नाही.

३. हा रंग हाताची प्रत्येक हालचाल लक्षात ठेवतो. साध्या लाल-निळ्या रंगात कण कसेही पडले तरी रंग तोच राहतो. इथे पापुद्रे चपटे असल्यामुळे ब्रश ज्या दिशेने जाईल त्या दिशेने ते लवंडतात. एक फटकारा आडवा आणि शेजारचा उभा असेल, तर वाळल्यावर एक उजळ दिसतो आणि एक मळका. रंग कमी पडला असं वाटून तिथे पुन्हा ब्रश फिरवला तर आधीची अर्धवट वाळलेली साय उचलली जाते आणि डाग आणखी उठून दिसतो.

चौरंगासारख्या सपाट पृष्ठभागावर म्हणूनच मऊ, रुंद, कृत्रिम केसांचा ब्रश लागतो, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता जाणारा हात. लाकडावर रेषांच्या दिशेनेच जावं. ते साधणार नसेल तर ब्रश बाजूला ठेवून स्पंजने हलके ठिपके देत जावं. मग पापुद्रे सगळ्या दिशांना विखुरतात आणि पृष्ठभाग कुठूनही पाहिला तरी सारखा चमकतो. नक्षीच्या उंचवट्यांवर तर मी ब्रशही नको म्हणते. बोटाच्या टोकाला अगदी पुसटसा रंग घ्यायचा आणि उंचवट्यावरून बोट फिरवायचं. खोलगट भाग गडद राहतो, वरचा झळाळतो, आणि नक्षी जिवंत होते.

पेण आणि त्याच्या आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. तिथे एका काकांना पीतांबराचा काठ ओढताना मी पाहिलं. मूर्ती फिरत्या पाटावर, ब्रश हवेत स्थिर, आणि दुसऱ्या हाताने पाट फिरतोय. रेघ सुरू झाली ती जिथून निघाली होती तिथेच येऊन मिळाली. ब्रश उचलल्याची, थांबल्याची, दाबल्याची खूण कुठेही नाही. मी तंत्र विचारलं तर ते म्हणाले, "ताई, श्वास धरायचा आणि सोडायचा तो रेघ संपल्यावरच." तेव्हापासून सोनेरी रेघ ओढताना मी श्वास धरते. फरक पडतो.

४. ज्या उजेडात वस्तू राहणार आहे त्याच उजेडात तिचा रंग ठरवावा. सकाळी खिडकीशी बसून रंगवलेली चौकट मला सुरेख वाटते. तीच रात्री पांढऱ्याफटक एलईडीखाली राखाडी पडते, आणि पिवळसर दिव्याखाली पुन्हा फुलते. चंदेरीचं बरोबर उलट आहे. पांढऱ्या उजेडात ती नितळ, पिवळ्या उजेडात ओशाळलेली. धातुरंगाला स्वतःचं तेज कमी, समोर जे असेल ते तो परत देतो. समोर ट्यूबलाइट असेल तर ट्यूबलाइटच दिसणार.

हे सगळ्यात जास्त जाणवलं ते देवघर रंगवताना. देवघराच्या मागच्या फळीला तांबूस अस्तरावर सोनेरी रंगाचा एक विरळ हात दिला होता. दिवसा तिच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी समई लावली आणि खोलीतला दिवा मालवला, तेव्हा ती ज्योत फळीवर हलायला लागली. फळी उजळली असं म्हणणं पुरेसं नाही, तिच्यात गहिरेपणा आला. मंदिरांचे गाभारे अंधारे का ठेवत असतील आणि त्यात धातूच का मांडत असतील, याचं एक उत्तर मला तिथे सापडलं. आता कुणी सोनेरी रंगाबद्दल विचारलं तर मी आधी विचारते, त्या खोलीत रात्री कुठला दिवा लावता?

५. बाटली हलवणं हेही काम आहे. अभ्रक जड, तो तळाशी बसतो. न हलवता वरचं वरचं ओतलं तर हातात येतो तो नुसता दुधाळ चिकटा. आणि रंग दाट वाटला म्हणून पाणी ओतत जाऊ नये. ॲक्रिलिकमधला चिकटवणारा भाग पाण्यात पसरला की पापुद्र्यांना धरून ठेवायला काही उरत नाही, वाळल्यावर बोटाला चमक लागते. थोडं पाणी चालतं, फार पातळ हवा असेल तर ॲक्रिलिक मीडियम मिळतं, ते घालावं. ब्रश धुवायचं भांडं मात्र वेगळं ठेवावं. धातुरंगाचं पाणी दुसऱ्या रंगात गेलं की आकाशाच्या निळ्यातही चकाकी येते, आणि आकाशाला ती शोभत नाही. ते पाणी सरळ मोरीत ओतणंही मला पटत नाही, कारण ॲक्रिलिक हे प्लास्टिकच आहे, आणि तेच त्यात वाहून जातं. मी ते भांडं एका कोपऱ्यात ठेवते, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतून देते आणि गाळ कागदाने पुसून कचऱ्यात टाकते.

६. ओल्या रंगावरून मत बनवू नये. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे सूक्ष्म थेंब. ओलं असताना ते प्रकाश विखुरतात, म्हणून रंग दुधाळ दिसतो. पाणी उडून जातं तसे थेंब जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि एक अखंड, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. मग आतला अभ्रक दिसू लागतो. लावताना निराश करणारा रंग तासाभराने आपलं रूप दाखवतो, आणि ते होईपर्यंत हात आवरून बसणं हे मला या सगळ्यात कठीण वाटतं.

त्यात आपला गणपती येतो भाद्रपदात. हवा पाण्याने जड असते, पाणी उडून जायला जागाच नसते. उन्हाळ्यात अर्ध्या तासात हाताला कोरडा लागणारा रंग तेव्हा चिकट राहतो. हाताला कोरडा लागणं आणि आतून पक्का होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीला कित्येक दिवस लागतात. मखराचे रंगवलेले भाग एकावर एक रचून ठेवले तर ते एकमेकांना धरतात, आणि वर्तमानपत्रात गुंडाळले तर बातमीची अक्षरं सोन्यावर उमटतात. माझा शिरस्ता असा, की मखराचं रंगकाम नारळी पौर्णिमेच्या आत संपवायचं. पंख्याखाली, भाग सुटे सुटे उभे करून, मध्ये हवा खेळती ठेवून. सणाच्या आदल्या रात्री रंगवण्यातली मजा मला मान्य आहे. पण आरतीच्या वेळी कुणाच्या बाहीला सोनं लागलं, की त्या मजेचं ओझं होतं.

७. पुठ्ठा हे थर्माकोलपेक्षा चांगलं माध्यम आहे. हे मी पर्यावरणाची शिकवण म्हणून सांगत नाही, त्यावर काम केल्यावर सांगते आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली तेव्हा घरोघरी मखराचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. थर्माकोलला धार होती, खांब पांढरेशुभ्र उभे राहत आणि त्यावर ॲक्रिलिक सुखाने बसे. स्प्रेचा रंग मात्र त्याला खाऊन टाकत असे, कारण त्यातल्या द्रावकात थर्माकोल विरघळतं. पुठ्ठा दिसायला गरीब. पण कापता येतो, वाकवता येतो, वरचा कागद सोलून आतल्या पन्हळींतून खांबांच्या उभ्या खाचा करता येतात, आणि त्या खाचांच्या कडांवर सोनेरी बोट फिरवलं तर दगडी खांबाचा भास होतो.

त्याची एकच खोड आहे. एका बाजूने रंगवला की तो वाळताना कमानीसारखा वाकतो. वाळणारा थर आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. उपाय सोपा आहे, मागच्या बाजूलाही तेवढाच एक हात द्यायचा, कुठल्याही उरल्यासुरल्या रंगाचा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पुठ्ठा सरळ राहतो. न दिसणाऱ्या बाजूवर मेहनत करायची म्हणून मुलं कुरकुर करतात. दुसऱ्या दिवशी सरळ उभी राहिलेली कमान पाहिली की त्यांची कुरकुर थांबते.

८. पणतीला सोन्याची गरज नाही. हे मत बनायला वेळ लागला, कारण बाजारात सोनेरी पणत्यांचे ढीग असतात आणि त्या पाहताना छानही वाटतात. पण भाजलेल्या मातीची पणती सच्छिद्र असते. तेल तिच्या अंगात मुरतं, बाहेर झिरपतं आणि रंगाचा पापुद्रा आतून सोडवतं. शिवाय ॲक्रिलिक शेवटी प्लास्टिकच, ज्योतीच्या जवळ ते मऊ पडतं, करपतं, त्याचा वास येतो. आमच्या घरात पणत्या आधी पाण्यात भिजत घालायची पद्धत होती, म्हणजे माती पाणी पिऊन घेते आणि तेल कमी पिते. रंगवलेल्या पणतीला हे करता येत नाही.

आता मी पणती मातीचीच ठेवते, भिजवलेली, साधी. रंगवते ती तिच्याखालची पसरट मातीची ताटली, ज्योतीपासून चांगली लांब राहील अशी मोठी. तिलाही आधी अस्तर द्यावं लागतं, नाहीतर माती रंगातलं पाणी शोषून घेते आणि चमक बसून जाते. गडद तांबूस अस्तर, त्यावर काठाने सोनेरी ठिपके, मधोमध पणती. ज्योत वर जळते आणि ताटलीत पसरते. पणतीवर ओतलेल्या सगळ्या सोन्यापेक्षा हे जास्त उजळ दिसतं. ज्यांना रंगीत पणत्याच हव्यात त्यांनी बाहेरची बाजूच रंगवावी, काठ आणि वातीचं नाक कोरं सोडावं, आणि आत तेलाऐवजी धातूच्या वाटीतली छोटी मेणबत्ती ठेवावी. आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांच्या आत किंवा ओठ लागणाऱ्या काठावर हा रंग नकोच, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

९. शाडूच्या मूर्तीला मेटॅलिक ॲक्रिलिक लावू नये. ही एकच गोष्ट मी आग्रहाने सांगते. एका वर्षी घरी बादलीत विसर्जन केलं तेव्हा माती रात्रभरात अलगद सुटली, तळाशी बसली. पाण्यावर राहिला तो मुकुट. मुकुटाची माती केव्हाच गेली होती, त्याच्यावरचा सोनेरी पापुद्रा तेवढा आपला आकार धरून तरंगत होता. मूर्ती आम्ही रंगवलेलीच आणली होती आणि रंगवणाऱ्याने ती प्रेमाने सजवली होती, याबद्दल मनात काही नाही. पण ज्या मातीने पाण्यात मिसळून जायचं तिच्यावर न मिसळणारं कवच चढवणं मला त्या क्षणापासून सोसत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाबाबत सुधारित मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत मूर्ती नैसर्गिक मातीच्या आणि रंग बिनविषारी, नैसर्गिक असावेत असं म्हटलं आहे. पुष्कळांचा समज असा, की ॲक्रिलिक पाण्यात कालवता येतं म्हणजे पाण्यात विरघळतं. ओलं असेपर्यंतच ते पाण्याचं असतं, वाळल्यावर नाही. शाडूवर हळद आणि गेरू सुरेख बसतात. सोनंच हवं असेल तर मुकुट आणि दागिने वेगळे करावेत, कापडाचे, पुठ्ठ्याचे, मण्यांचे, आणि विसर्जनाआधी उतरवून पुढच्या वर्षासाठी ठेवावेत. आमच्याकडे पुठ्ठ्याचा मुकुट आहे, त्याला काळ्या अस्तरावर सोनेरी रंग दिला आहे. दरवर्षी त्यावर एखादा नवा मणी चढतो. ॲक्रिलिक टिकतं हा त्याचा गुण, तो टिकायच्या वस्तूवर वापरावा.

१०. मॅट वार्निशने धातुरंग मरतो. मॅट वार्निशात प्रकाश विखुरणारी पूड असते, तिच्याखाली सोनेरीचा मातकट पिवळा होतो. चकचकीत वार्निश लावावं, तेही रंग नीट पक्का झाल्यावर. घरात भिंतीवर टांगायच्या वस्तूला बहुधा तेही लागत नाही.

११. सोनं जितकं कमी तितकं ते सोनं वाटतं. याचा उत्तम धडा तंजावर चित्रांत आहे, आणि त्यांच्याशी आपलं नातंही आहे. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. या मराठा राजांच्या आश्रयाने, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, ही चित्रकला बहरली. त्या चित्रांत खडूची पूड आणि डिंक किंवा सरस यांच्या लेपाने दागिने, कमानी, सिंहासनाच्या कडा उठावात काढतात आणि त्यावर सोन्याचं पान बसवतात. पहिल्यांदा पाहताना वाटतं, किती हे सोनं! थोडं थांबून मोजलं तर कळतं, की चेहरा, हात आणि पाठीमागचा गडद लाल-हिरवा-निळा भाग यांवर सोनं नाही. सोनं आहे ते बहुतेक करून जिथे खऱ्या आयुष्यातही सोनं असतं तिथे. उरलेले सपाट, गडद रंग त्या सोन्याला जागा देतात.

घरच्या कामात मी हाच हिशेब धरते. कुंडी पूर्ण सोनेरी केली तर ती प्लास्टिकची वाटते, गेरू लावून काठाला सोनेरी पट्टा दिला तर मातीची राहते. जुन्या खुर्चीच्या पायांची फक्त टोकं, कपाटाच्या मुठी, आरशाच्या चौकटीची आतली कड. एवढंच. गुळगुळीत प्लास्टिकच्या वस्तूंवर तर हा रंग सहसा टिकत नाही, नखाने सोलून निघतो, म्हणून तिथे तो वाया घालवू नये. लोखंडी ग्रिलवर लावायचा असेल तर आधी गंज घासून रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा. पाण्याचा रंग थेट लोखंडावर लावला तर खालून गंज फुटून वर येतो.

१२. या चमकेमागे माणसं आहेत, आणि त्यांच्यापर्यंत विचार पोचायला मला फार उशीर लागला. भारतातला पुष्कळसा अभ्रक झारखंड-बिहारच्या पट्ट्यातून येतो. कोडरमा आणि गिरिडीह ही त्यातली प्रसिद्ध नावं. एके काळी तिथे अधिकृत खाणी भरभराटीत होत्या. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर त्यांतल्या पुष्कळ बंद पडल्या, पण अभ्रकाची मागणी थांबली नाही. सोडून दिलेल्या खाणींच्या आसपास माणसं मातीतून अभ्रकाचे तुकडे वेचत राहिली. तिथे या तुकड्यांना 'ढिब्रा' म्हणतात. वेचणाऱ्यांत बायका असतात, आणि मुलं असतात. लहान हातांना अरुंद बिळांत शिरता येतं. २०१६ मध्ये रॉयटर्सच्या बातमीदारांनी त्या भागात कोसळलेल्या खाणींत मुलं दगावल्याचं आणि ते मृत्यू दाबले गेल्याचं उघड केलं. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, अभ्रक वापरणाऱ्या कंपन्या आणि संस्था मिळून 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' उभा राहिला. काम सुरू झालं आहे, प्रश्न सुटलेला नाही.

माझ्या कपाटातल्या बाटलीत कुठला अभ्रक आहे हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. तो परदेशातल्या खाणीतला असू शकतो, प्रयोगशाळेत बनवलेला कृत्रिम अभ्रकही असू शकतो, आणि ढिब्राही असू शकतो. मी रंगवणं सोडलेलं नाही. तिथल्या बायकांचं पोट त्यावर चालतं, आणि मागणी एकाएकी थांबली तर आधी त्यांचीच चूल विझेल, हेही मला दिसतं. मला हवं आहे ते एवढंच, की त्यांना पुरेसा मोबदला मिळावा, खाणी सुरक्षित असाव्यात आणि मुलं शाळेत असावीत. म्हणून आता नवी बाटली आणली की तिच्यावरच्या ग्राहकसेवेच्या पत्त्यावर मी एक पत्र पाठवते. त्यात दोनच प्रश्न असतात. तुमचा अभ्रक कुठून येतो? आणि तो वेचताना मुलांचे हात लागलेले नाहीत, याची खात्री तुम्ही कशी करता?

एका घरातून गेलेलं पत्र कुठल्यातरी टेबलावर पडून राहतं. शेकडो घरांतून तेच पत्र गेलं तर कुणालातरी उत्तर द्यावं लागेल. गणपती आणि दिवाळी या दोन सणांना महाराष्ट्रात सोनेरी रंगाच्या किती बाटल्या उघडल्या जात असतील याचा अंदाज तुम्हालाही आहे. तुमच्या घरात एखादी असेल तर आजच तिच्यामागचा पत्ता पाहा, आणि हे दोन प्रश्न तुमच्या शब्दांत लिहून पाठवा.